साखरेचा आजार आणि मेंदूतली गाठ

गडब, कासू, वडखळ आणि आजूबाजूच्या सगळ्या गटांतल्या ताया, काकू, वहिनी ऐकताय ना? आज भातलावणीचं नाही, कर्जफेडीचंही नाही. आज जरा डोक्याचं बोलायचं आहे.

गेले काही महिने बैठकीत बचतीचे हिशोब आटोपले की एक प्रश्न हमखास निघतो. मोबाईलवर दोन मेसेज फिरतायत. एकात म्हटलंय की शुगर असणाऱ्यांच्या मेंदूत गाठ होते, म्हणून डोकं दुखलं की घाबरा. दुसरा बरोब्बर उलटा. तो म्हणतो, परदेशात सिद्ध झालंय की शुगर असलेल्या बायकांना मेंदूची गाठ होतच नाही, मग कशाला गोळ्या खाता! पहिला मेसेज ऐकून एका ताईंनी गटाकडे अंतर्गत कर्ज मागितलं, खाजगीत डोक्याचा स्कॅन काढायला. दुसरा ऐकून दुसऱ्या एका काकूंनी शुगरची गोळी बंद केली. दीड महिन्यानं आशाताईंनी बोट टोचून तपासलं तर आकडा तीनशेच्या वर. पायाच्या अंगठ्याला चिखलात झालेली जखम भरायचं नाव घेत नव्हती. मेसेज पाठवणाऱ्याचं काय गेलं? अंगठा काकूंचा होता.

मी डॉक्टर नाही. पण या विषयावर जे खात्रीनं माहीत आहे ते सगळ्यांना एकदमच सांगावं असं वाटलं.

आधी दोन्ही आजारांची मापं बघू. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं देशभर केलेल्या मोठ्या पाहणीचे आकडे २०२३ साली आले. वीस वर्षांवरच्या शंभर माणसांत अकरांहून जास्त जणांना मधुमेह, म्हणजे देशात दहा कोटींवर माणसं. आणखी साडेतेरा कोटी उंबरठ्यावर. आता मेंदूच्या गाठी. आपल्या देशात लाख माणसांमागे वर्षाला साधारण पाच ते दहा. लाखामागे! म्हणजे गडबसारख्या गावात शुगर दर चार-पाच घरांआड सापडेल आणि मेंदूची गाठ कित्येक वर्षांत एखादी ऐकू येईल. डोकं दुखतंय म्हणून पहिला विचार गाठीचा करायचं काही कारण नाही, हे या आकड्यांवरूनच कळतं.

गाठीही सगळ्या सारख्या नसतात. मेंदूभोवती पातळ आवरणं असतात, नारळात खोबऱ्यावर तपकिरी साल असते तशी. त्या आवरणातून वाढणाऱ्या गाठीला मेनिंजिओमा म्हणतात. ती बहुतेक वेळा कॅन्सरची नसते, वर्षानुवर्षं हळूहळू वाढते, आणि पुरुषांपेक्षा बायकांत जवळपास दुपटीनं आढळते. दुसरी ग्लायोमा. ती मेंदूच्या आतल्या पेशींतून उठते, पुरुषांत थोडी जास्त, आणि तिचे काही प्रकार फार वाईट असतात. शुगरशी काही नातं आहे का, हे प्रामुख्यानं या दोन गाठींबद्दल तपासलं गेलंय.

तो उलटा मेसेज जिथून निघाला असावा तो अभ्यास स्वीडन देशातला आहे. तिथे १९८५ ते १९९६ या काळात रक्ततपासणी केलेल्या सव्वापाच लाखांहून जास्त माणसांची नोंद होती. अमेरिकेतल्या आणि स्वीडनच्या संशोधकांनी त्या माणसांचं पुढे २०१२ पर्यंत काय झालं ते पाहिलं. त्यातल्या २९६ जणांना मेनिंजिओमा झाला होता. आणि ज्या बायकांची उपाशीपोटीची साखर सगळ्यात जास्त होती, त्यांच्यात ही गाठ सगळ्यात कमी साखरवाल्या बायकांच्या निम्म्याहूनही कमी आढळली. हे २०१६ साली छापून आलं. ग्लायोमाच्या बाबतीतही वेगवेगळ्या देशांतले अनेक अभ्यास एकत्र केले, तेव्हा मधुमेह असलेल्यांत ती गाठ जास्त नाही, उलट थोडी कमीच दिसली.

म्हणजे पहिला मेसेज खोटा. शुगरमुळे मेंदूत गाठ उठते असं दिसत नाही. गाठीच्या भीतीनं कर्ज काढून स्कॅन करायची गरज नाही.

मग दुसरा मेसेज खरा का? इथेच खरी मेख आहे, जरा थांबून ऐका.

आपण खारेपाटातल्या बायका. उधाणाला बांध फुटून खारं पाणी शेतात शिरलं तर काय होतं ते आपल्याला कोणी शिकवायला नको. त्या शेतात गोड्या पाण्याचं तण मरतं. एखादा शहरातला माणूस वही घेऊन आला आणि त्यानं मोजलं, तर तो लिहून नेईल की खारं पाणी शिरलेल्या शेतात तण कमी. त्याची नोंद खोटी नाही. पण म्हणून तण मारायला कोणी बांध फोडेल का? भाताचं काय होईल, पुढची दोन-तीन वर्षं जमिनीचं काय होईल, ते त्याच्या वहीत नाही.

स्वीडनच्या त्या नोंदीचं असंच आहे. दोन गोष्टी एका माणसात एकत्र दिसल्या किंवा दिसल्या नाहीत, एवढंच त्यातून कळतं. एकीमुळे दुसरी टळली, हे कळत नाही. संशोधकांना स्वतःलाही हा प्रश्न पडला. एक शक्यता अशी की नातं उलटं असेल. गाठ सापडण्याच्या कितीतरी आधी ती आत वाढत असते, आणि वाढणारी गाठच शरीरातल्या साखरेच्या कारभारात काही बदल घडवत असेल. म्हणजे साखर जास्त म्हणून गाठ नाही असं नव्हे, गाठ होती म्हणून साखर कमी दिसली. दुसरी शक्यता संप्रेरकांची, म्हणजे हार्मोन्सची. मेनिंजिओमा बायकांत जास्त, त्यामुळे बायकांच्या संप्रेरकांशी तिचा संबंध असावा असं डॉक्टर मानतात, आणि मधुमेहात या संप्रेरकांचं प्रमाण बदलतं. तिसरी शक्यता औषधांची. शुगरची जी गोळी आपल्याकडे बहुतेकींना मिळते, मेटफॉर्मिन, तिचा गाठींवर काही परिणाम होतो का हे शास्त्रज्ञ तपासतायत. आता बघा, हे कारण खरं निघालं तर गोळी बंद करणं किती उफराटं ठरेल! आणि एक साधं, कडू कारण असंही असू शकतं की मधुमेहाची माणसं हृदयविकारानं लवकर जातात. गाठ होण्याच्या वयापर्यंत ती पोचतच नाहीत.

यातलं नक्की कोणतं, ते अजून ठरलेलं नाही. पण गोळी सोडल्यावर डोळे, मूत्रपिंड, पाय आणि हृदय यांचं काय होतं, ते पक्कं ठरलेलं आहे. लाखात दहाजणींना होणाऱ्या गाठीची धास्ती, आणि शंभरात अकराजणींना असलेल्या आजाराकडे पाठ, हा सौदा मला तरी पटत नाही.

एका ताईंनी विचारलं, हे सगळं गोऱ्या लोकांचं, आपलं कोण मोजतं? चांगला प्रश्न आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शी भागात १९८७ पासून खेड्यांतल्या कॅन्सरची नोंद ठेवली जाते. देशातली ग्रामीण भागातली ती पहिली नोंदणी. कार्यकर्ते गावोगाव फिरतात, बायकांशी बोलतात, कोणाला गाठ आहे, कोणाला अंगावरून जातंय ते विचारतात, आणि नोंद होते. मुंबईची नोंदणी तर १९६३ पासूनची. तेव्हा गावात कोणी आरोग्याची माहिती लिहायला आलं की दारातून वाटेला लावू नका. आज लिहिलेल्या नावांवरूनच उद्या आपल्याबद्दल काही सांगता येईल.

आता आणखी एक समज. कॅन्सरची गाठ साखरेवर जगते, म्हणून साखर, भात, फळं सगळं तोडलं की गाठ उपाशी मरते. यात थोडं खरं आहे म्हणूनच ते पसरतं. ओटो वॉरबुर्ग नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं शंभर वर्षांपूर्वी दाखवलं होतं की कॅन्सरच्या पेशी नेहमीच्या पेशींपेक्षा फार जास्त ग्लुकोज ओढतात. पेट स्कॅन नावाची जी तपासणी असते ती याच गोष्टीवर चालते, शिरेतून किंचित किरणोत्सारी साखर देतात आणि ती कुठे जमते ते बघतात. पण आपला निरोगी मेंदूसुद्धा साखरेचा मोठा गिऱ्हाईक आहे. वजनाला शरीराच्या शंभरात दोन भाग, आणि खर्चाला वीस. आपण तोंडानं साखर बंद केली तरी यकृत स्वतः ग्लुकोज बनवून मेंदूला पुरवतं, कारण त्याशिवाय आपण शुद्धीवरच राहणार नाही. त्यामुळे गाठीला उपाशी मारण्याच्या नादात माणूस खंगतो, गाठीला तिचा वाटा मिळतच राहतो. उपचार चालू असलेल्या माणसाला घरच्यांनी पेजेवर ठेवू नये. अंडी, मासे, डाळ, भाकरी, जे डॉक्टरांनी मना केलेलं नाही ते पोटभर द्यावं.

मधुमेहाचा कॅन्सरशी अजिबात संबंध नाही असंही समजू नका. गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा, स्तनाचा, मोठ्या आतड्याचा, यकृताचा, स्वादुपिंडाचा कॅन्सर मधुमेह असलेल्यांत थोडा जास्त आढळतो. पाळी बंद झाल्यावर पुन्हा अंगावर जायला लागलं तर मुळीच थांबू नका. स्तनाचा कॅन्सर होऊन गेलेल्या बाईला नव्यानं डोकेदुखी सुरू झाली, तर ती मात्र लगेच डॉक्टरांच्या कानावर घालायची, कारण तो कॅन्सर मेंदूत पसरू शकतो.

आणि टीबी. मधुमेह असलेल्या माणसाला टीबी होण्याची शक्यता दुप्पट-तिप्पट असते. टीबी फक्त छातीत होतो असं नाही, मेंदूतही त्याची गाठ होते. पट्टकृमीची अंडी न धुतलेल्या भाजीवाटे पोटात गेली तर त्याचीही मेंदूत गाठ होते. आपल्या देशात मोठ्या माणसाला पहिल्यांदा फिट आली आणि स्कॅनमध्ये बारीकशी गाठ दिसली, तर ती बरेचदा या दोनपैकी एक निघते. या दोन्ही गाठींवर औषधं आहेत आणि बहुतेकजणी त्यांनी बऱ्या होतात. म्हणून रिपोर्टात 'गाठ' शब्द ऐकला की रडारड सुरू करायच्या आधी विचारा, कसली गाठ?

मग डोकं दुखलं तर कधी जायचं? रोज उन्हात काम करून, पाणी कमी पिऊन, चष्म्याचा नंबर वाढून डोकी दुखतातच. पण दुखणं नवीन आहे, दिवसागणिक वाढतंय, पहाटे उठल्यावर जास्त आहे, सोबत उलटी होते. किंवा एका बाजूचा हातपाय कमजोर वाटतो, बोलताना शब्द सापडत नाहीत, नजर एका बाजूनं कमी झाली, मोठ्या वयात पहिल्यांदा फिट आली, शांत बाई एकाएकी विचित्र वागायला लागली, तर शुगर असो वा नसो, पेणच्या उपजिल्हा रुग्णालयात दाखवायचं. अंगात आलंय, बाहेरचं आहे, म्हणून महिनाभर उतारे करत बसायचं नाही. हातपाय किंवा बोलणं एकदम गेलं तर तो पक्षाघात असू शकतो, तिथे तास महत्त्वाचे. थेट १०८.

शुगर असलेल्या माणसाच्या बाबतीत मात्र एक काम सगळ्यात आधी करायचं. बोट टोचून साखर बघायची. साखर खूप खाली गेली की माणूस बरळतो, घामानं थबथबतो, चक्रावतो, त्याला फिटही येते. बघणाऱ्याला वाटतं मेंदूचंच काहीतरी झालं. खूप वर चढली तरी फिट येऊ शकते. मशीनवर ७० च्या खाली आकडा असेल आणि माणूस गिळू शकत असेल, तर तीन-चार चमचे साखर पाण्यात घोळून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका, कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. कांदा नको, चप्पलही नको. ग्लुकोमीटर फार महाग नाही. दोन-तीन गटांनी मिळून एक घेतला आणि पट्ट्यांचा खर्च वाटून घेतला तर वाडीला पुरतो. माझ्या मते स्कॅनच्या कर्जापेक्षा हे कितीतरी शहाणपणाचं.

शुगरमुळे नजर धूसर होते, क्वचित एक डोळा तिरका होऊन एकाचे दोन दिसतात. हेही गाठीसारखंच वाटतं. शुगरमुळे झालेला तिरळेपणा बहुधा काही महिन्यांत आपोआप सुधारतो, पण ते डॉक्टरांनी तपासून सांगायचं, आपण घरी ठरवायचं नाही.

इथपर्यंत आपण शुगरमुळे गाठ होते का ते पाहिलं. पण गाठीमुळे शुगर होते का? हो, क्वचित होते, आणि ती ओळखायची खूण आपल्या हातातच असते. अक्षरशः हातात.

मेंदूच्या तळाला वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते, पियुषिका. तिच्यात कधी कधी छोटी गाठ होते. कॅन्सरची नसते. पण ती वाढीचं संप्रेरक भरमसाट सोडायला लागते. मोठ्या माणसाची उंची काही वाढत नाही, पण हात, पाय, जबडा, नाक जाड होत जातात. सोबत शुगर आणि बीपी. हे इतकं हळू होतं की घरच्यांना कळत नाही. कासाराला कळतं! दोन-सहाच्या बांगड्या घालणारी बाई दोन-दहावर जाते. लग्नातली अंगठी बोटात शिरत नाही, चपलेचा नंबर दोनदा बदलतो, दातांत फटी पडतात. वजन वाढल्यानं बांगडी घट्ट होते ते वेगळं. पण चपलेचा नंबर चाळिशीत सहसा वाढत नाही. हे दिसलं आणि शुगरही नव्यानं निघाली, तर डॉक्टरांना बांगडीचं आणि चपलेचं आवर्जून सांगा, ते हसणार नाहीत. याच ग्रंथीची दुसरी एक गाठ चेहरा गोल करते, मानेमागे चरबी आणते, पोटावर रुंद जांभळे पट्टे उठवते, आणि शुगर वाढवते. दोन्ही गाठी बहुतेकदा नाकावाटे काढता येतात. मुंबईत केईएमसारख्या रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया होते. गाठ निघाली की बऱ्याचजणींची शुगरही उतरते.

रिपोर्टात 'डायबेटिस इन्सिपिडस' असं लिहिलेलं दिसलं तर तो आपला साखरेचा आजार नव्हे, बरं का. त्यात घागरीनं पाणी प्यावंसं वाटतं आणि तितकीच लघवी होते, पण रक्तातली साखर ठीक असते. या भागातल्या गाठींमुळे तोही होतो. नाव सारखं म्हणून शुगरची गोळी सुरू करू नका.

राहिला उपचारांचा भाग. घरात कोणाला खरंच मेंदूची गाठ निघाली तर पेण-पनवेलवरून पुढे खारघर, आपल्याच रायगड जिल्ह्यात, टाटा मेमोरियलचं अॅक्ट्रेक रुग्णालय आहे. परळपर्यंत धावायची गरज दर वेळी पडत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मेंदूच्या शस्त्रक्रिया आणि कॅन्सरचे उपचार बसतात, म्हणून रेशनकार्ड आणि आधार पहिल्याच दिवशी सोबत न्या. शुगरच्या गोळ्यांची चिठ्ठीही न्या. स्कॅनसाठी शिरेतून औषध टोचणार असतील तर आधी मूत्रपिंडाची तपासणी बघतात आणि मेटफॉर्मिन चालू आहे का ते विचारतात. पेट स्कॅनला तर साखर ताब्यात नसेल तर चित्रच नीट येत नाही.

आणि आता ती गोष्ट जी घरच्यांना फार गोंधळात टाकते. गाठीभोवती मेंदूला सूज येते. ती उतरवायला डेक्सामेथासोन नावाचं स्टिरॉइड देतात. त्यानं डोकेदुखी दोन दिवसांत कमी होते, माणूस जेवायला लागतो, घरात सगळ्यांना हायसं वाटतं. आणि साखर चढते. ज्यांना कधी शुगर नव्हती त्यांचीही चढते. मग नातेवाईक म्हणतात, बघा, शुगर होती म्हणूनच गाठ झाली! तसं नसतं. ती साखर औषधाची आहे. २०२१ साली करोनाच्या दुसऱ्या लाटेत आपल्या महाराष्ट्रात काळी बुरशी किती पसरली ते आठवत असेल. अनेकांना शुगर होती, वरून स्टिरॉइड दिलं गेलं, साखर हाताबाहेर गेली, आणि नाकातली बुरशी डोळ्यापर्यंत, काहींच्या मेंदूपर्यंत चढली. तेव्हा स्टिरॉइड चालू असताना साखर मोजणं हा उपचाराचाच भाग आहे.

कधी मोजायची तेही विचारून घ्या. सकाळी गोळी घेतली तर उपाशीपोटीची साखर पुष्कळदा बरी दिसते आणि दुपारच्या जेवणानंतर चढते. फक्त सकाळचाच आकडा पाहिला तर फसायला होतं. साखर वाढली म्हणून ही गोळी स्वतःच्या मनानं बंद करायची नाही. ती एकदम तोडली तर सूज परत येते, आणि शरीराला सवय झालेली असल्यानं माणूस कोसळूही शकतो. डॉक्टर ती टप्प्याटप्प्यानं उतरवतात. ती उतरत असताना शुगरची गोळी किंवा इन्सुलिनही उतरवावं लागतं, नाहीतर घरी आल्यावर साखर धाडकन खाली जाते. म्हणून डेक्साचा डोस बदलला की खिडकीवरून हलायच्या आधी विचारायचं, इन्सुलिन किती करू? आणि आकडा फाईलवर लिहून घ्यायचा.